शस्त्रांची पडताळणी की झडती?

विचारणा अशी आहे: बातम्यांतल्या 'शस्त्रनिरीक्षक'ऐवजी 'शस्त्रतपासनीस' म्हणावं का? आणि अशा तपासणीने एखादी वैरी राजवट 'निःशस्त्र होते' हे म्हणणं बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. निरीक्षक म्हणजे नुसता पाहणारा नव्हे. पोलीस निरीक्षकामुळे त्या शब्दाला अधिकाराचं वजन आलंय. तो राहू द्यावा.

माझा जीव अडकतो तो 'तपासणी'त, कारण तिच्यात दोन निराळी कामं कोंबली जातात. पडताळणी म्हणजे एक गोष्ट दुसरीशी ताडून पाहणं. त्यासाठी समोरच्याने आधी काही सांगितलेलं लागतं. दक्षिण आफ्रिकेने आपले सहा अणुबॉम्ब मोडल्याचं १९९३ मध्ये जाहीर केलं आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते ताडून पाहिलं, ही पडताळणी. सीरियाने २०१३ मध्ये सुमारे १३०० टन रासायनिक साठा जाहीर केला, तो देशाबाहेर नेला गेला. तरी एप्रिल २०१७ मध्ये सीरियातल्याच खान शेखून गावावर सरीन हा विषारी वायू पडलाच. जे सांगितलंच नाही, ते ताडणार कशाशी?

झडती घ्यायची ती लपवणाऱ्याची. इराकमध्ये सप्टेंबर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक पथकाच्या हाती अणुकार्यक्रमाची कागदपत्रं लागली, तेव्हा ती सोडावीत म्हणून पथकाला बगदादमध्ये वाहनतळावर चार दिवस अडवून ठेवलं. जैविक अस्त्रांचा कार्यक्रम असल्याचं इराकने जुलै १९९५ मध्ये कबूल केलं, तेही निरीक्षकांनी जीवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या आयातीचा हिशेब लावून धरल्यावर. पुढच्याच वर्षी असे जीवाणू बनवणारा अल हकमचा कारखाना पाडला गेला. झडतीने काही साधत नाही, हे मला म्हणूनच पटत नाही.

आता 'निःशस्त्रीकरण'. यातलं '-ीकरण' म्हणजे जे तसं नव्हतं, ते तसं करणं; करणारा कुणीतरी असतोच. स्वतःहून करतात तो शस्त्रत्याग. त्यामुळे वैरी राजवट निःशस्त्र 'होते' यापेक्षा 'केली जाते' हे नेमकं.

आणि एक. 'साठे सापडले नाहीत' आणि 'साठे नाहीत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मार्च २००३ मध्ये इराकबद्दल संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रनिरीक्षक हान्स ब्लिक्स यांचं पथक पहिलं वाक्य म्हणत होतं आणि आणखी काही महिने मागत होतं. ते मिळाले नाहीत, युद्ध सुरू झालं. दुसरं वाक्य अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ मध्ये लिहिलं: जुने किरकोळ अवशेष सोडले, तर साठे नव्हते.