जंतांच्या औषधांमुळे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन (पोटाच्या अस्तराचेही रक्षण करणारे द्रव्य) कमी होते का? मग वेदनाशामकांसारखा पोटाला त्रास होतो का?

सगळी जंतनाशके एकाच मापाने मोजू नयेत. अल्बेंडाझोल कृमीच्या पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनावर काम करते, आयव्हरमेक्टिन त्याच्या चेतापेशींवर आणि स्नायूंवर. प्रोस्टाग्लँडिनशी थेट संबंध येतो तो मुख्यतः हत्तीरोगाच्या डीईसीचा, म्हणजे डायइथाइलकार्बामाझिनचा, आणि या गोळीवरून आमच्या घरात जुना वाद असल्याने थोडे विस्ताराने लिहिते.

माझे सासर नागपूर जिल्ह्यात आहे. २०१९ मध्ये तेथे आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई दारात उभ्या असताना माझ्या भासऱ्यांनी सर्वांसमोर सांगितले की, प्रयोगशाळेत नळीमध्ये डीईसी टाकली तरी मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या कृमीची रक्तात फिरणारी पिल्ले) जिवंत राहतात, म्हणून ही गोळी निव्वळ फसवणूक आहे. त्यांचे ऐकून शेजाऱ्यांनीही गोळ्या परत केल्या. मी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवते, तरी त्या दिवशी मला बोलू दिले गेले नाही.

त्यांचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष साफ चुकीचा आहे. मायक्रोफायलेरिया स्वतः प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि त्याच कुळातील प्रोस्टासायक्लिन तयार करतात. या द्रव्यांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल राहतात, प्लेटलेट्स चिकटत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांना रक्तात निर्वेध फिरता येते, असे मानले जाते. डीईसीमुळे ही द्रव्ये बनण्याची क्रिया कृमीत मंदावते, तशीच रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींतही मंदावते. मात्र नुसते मंदावणे पुरेसे नाही: ज्या उंदरांत कॉक्स-१ (प्रोस्टाग्लँडिन बनवणारे विकर) नसते किंवा ज्यांना आधी ते रोखणारे वेदनाशामक, इंडोमेथॅसिन, दिलेले असते, त्यांच्या रक्तातून कृमी झपाट्याने नाहीसे होत नाहीत. औषधाला यजमानाची, म्हणजे कृमी ज्याच्या शरीरात राहतात त्याची, शाबूत यंत्रणा लागते, आणि नळीत नेमकी तीच नसते.

गोळीनंतरचा ताप बहुधा मरणाऱ्या कृमींमुळे येतो; त्यावरून औषधाला दोष देणे मला मान्य नाही. पोटाविषयी म्हणाल, तर वर्षातून एकदाच्या मात्रेची तुलना रोजच्या वेदनाशामकाशी करू नये. गोळी जेवून घ्यावी, आशाताईंसमोरच गिळावी, आणि घरातील ज्येष्ठ विरोधात असले तरी गिळावी.

अर्थात वरचे पुरावे पेशींवरील आणि उंदरांवरील प्रयोगांचे आहेत. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्तींना मोहिमेत ही औषधे देत नाहीत. आफ्रिकेत जेथे नदीअंधत्वाचा रोग आहे, तेथे डीईसीने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.