वर्षभर शिकूनही पांढराच पट्टा, मग जिउ-जित्सूत बिगिनर राहायचं तरी किती दिवस?

जिउ-जित्सूत, म्हणजे जमिनीवर पकडी लावून समोरच्याला हार मानायला लावायच्या खेळात, बिगिनरपण कधी संपतं, असं तुम्ही नाशिकहून विचारलंय. वर्षभर नियमित क्लास करूनही पट्टा पांढराच आहे आणि रोज कुणी ना कुणी टॅप करायला (हाताने थोपटून हार मानायला) लावतं, म्हणून तुम्ही वैतागलेले दिसताय. मीही नाशिकचाच. गंगापूर रोडच्या बाजूला शिकतो, सध्या ब्लू बेल्ट आहे.

पट्ट्याचं आधी उरकून टाकतो. आयबीजेजेएफच्या (या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात मोठ्यांचे पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा. निळा १६ वर्षांच्या आत मिळत नाही, पण पांढऱ्यावर किती काळ थांबायचं याची काही अट नाही. ते सरांच्या मनावर. म्हणून कुणाला दीड वर्षात मिळतो, कुणाला तीन वर्षं लागतात. पट्ट्यावर प्रगतीची खूण म्हणून चिकटवतात त्या टेपच्या पट्ट्यांचंही तसंच. त्यावरून स्वतःला मापू नका, आणि टॅप मोजणं तर सोडूनच द्या. काळे पट्टेवालेही टॅप करतात.

माझ्या मते खरी खूण ही, की टॅप केल्यावर तुम्हाला काय सांगता येतं. नवा माणूस म्हणतो, ‘त्याने आर्मबार (हात सरळ करून कोपर उलटं ताणायचा डाव) मारला.’ थोडा मुरलेला म्हणतो, ‘मी ढकलायला हात सरळ केला, तिथेच गेलो.’ आर्मबार लागला तो क्षण शेवटचा. बिघडलं त्याच्या दोन पायऱ्या आधी. ती पायरी दिसायला लागली की नवखेपण सरलं, मग कमरेला काहीही बांधलेलं असो.

आमच्याकडे पंचवटीतल्या तालमीतला एक पहिलवान ट्रायलला आला होता. कान फुटलेले, मान अशी की गीची (खेळाच्या जाड कापडी पोशाखाची) कॉलर जेमतेम बसली. सरांनी त्याच्यासमोर सोडला कॉलेजातला एक काटकुळा मुलगा, पांढऱ्या पट्ट्याचा. पहिलवानाने पट काढला आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत पोरगं उताणं. आखाड्यात इथेच निकाल लागला असता. इथे मुलाने पडता पडताच त्याच्या कमरेभोवती पाय अडकवून क्लोज्ड गार्ड लावला आणि चक्क निवांत श्वास घेत राहिला. पहिलवानाला वाटलं जिंकलो, आता फक्त उठायचं. उठण्यासाठी त्याने मुलाच्या छातीवर तळहात रोवला, कोपर ताठ. मुलगा बहुधा त्याचीच वाट बघत होता. मनगट दोन्ही हातांनी छातीशी धरलं, एक पाय त्याच्या कमरेवर टेकवून स्वतःची कंबर आडवी फिरवली, दुसरा पाय डोक्यावरून पलीकडे टाकला आणि गुडघे घट्ट आवळले. हात पूर्ण सरळ झाला, आणि तिथे तो थांबला. नुसती कंबर वर उचलायची बाकी होती, ती त्याने उचलली नाही. पहिलवान टॅप न करता जोर लावून हात ओढायला लागला, तेव्हा मुलाने आपण होऊन सोडून दिलं.

दुसऱ्या राउंडला पहिलवान खाली आला आणि पाठ टेकू नये म्हणून सवयीने पालथा झाला. कुस्तीत हे बरोबरच. इथे मात्र पालथं होणं म्हणजे पाठ समोरच्याच्या हवाली करणं, आणि पाठीवर बसून दोन्ही पाय आतून अडकवले की थेट चार गुण, शिवाय गळा मोकळा. त्या मुलाला तेव्हा ब्लू बेल्ट मिळायचा होता, पण माझ्या लेखी तो बिगिनर नव्हता. पहिलवान ताकदीने कितीतरी सरस होता, पण इथे नवखा तोच होता. (आता तो नियमित येतो, आणि त्याला खाली पाडणं आमच्यापैकी कुणालाच जमत नाही.)

पाठीवर पडून जिंकता येतं हे कुस्तीच्या माणसाला पटायला वेळ लागतो. त्याला मी १९९४ च्या डिसेंबरमधली यूएफसी ४ ची (वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांच्या स्पर्धेची) फायनल बघायला सांगतो. डॅन सेव्हर्न हा भारदस्त कुस्तीगीर जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीच्या अंगावर पंधरा मिनिटं बसून होता, आणि खाली दबलेल्या ग्रेसीनेच शेवटी ट्रँगल लावून (पायांच्या कैचीत मान आणि एक हात आवळून) त्याला टॅप करायला लावलं.

दुसरी एक खूण तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. नवीन आलेल्या मुलामुलींना तुमच्याबरोबर रोल करायला (सरावाची झुंज घ्यायला) भीती वाटते का? नवख्याच्या हातून समोरच्याला इजा होऊ शकते, हे नियमांतही धरलेलं आहे. पांढऱ्या पट्ट्याला स्पर्धेत मनगटाचं लॉक लावायला मनाई आहे, आणि उडी मारून क्लोज्ड गार्ड घ्यायलाही. कारण उघड आहे, नवख्याला डाव येतो पण तो कुठे थांबवायचा ते कळत नाही. तुमच्या हातात समोरच्याचं कोपर शाबूत राहतं, एवढा भरवसा सरांना वाटला की ते ट्रायलच्या माणसासमोर तुम्हाला उभं करायला लागतील. टेप लावण्यापेक्षा मला ते मोठं वाटतं.

बाकी यूट्यूबवर नवेनवे डाव बघत बसू नका, वर्षभरात त्याचा फार उपयोग होत नाही. साइड कंट्रोलखालून (समोरचा बाजूने छातीवर दाबून असताना) गुडघा आत घ्यायला जमतंय का, माउंटखाली (तो पोटावर बसलेला असताना) कोपरं बरगड्यांशी राहतात का, एवढं बघा. आणि उद्या टॅप केलात की लगेच हात मिळवून पुढचा राउंड सुरू करू नका. समोरच्याला तिथेच बसल्या बसल्या विचारा, ‘तुला हे मिळणार असं कधी वाटलं?’ तो बहुतेक वेळा तुम्हाला वाटतं त्याच्या बराच आधीचा क्षण सांगेल. पुढच्या राउंडला फक्त तेवढीच एक जागा राखा, बाकी हरलात तरी चालेल.