मंडळीचे, मंडळींचे की मंडळ्यांचे ऐक्य?

एका वाचकाने विचारले आहे : "ख्रिस्ती सेवकांच्या दोन दिवसांच्या मेळाव्याला गेलो होतो. विषय चर्चच्या एकतेचा. व्यासपीठामागच्या फलकावर 'मंडळींचे ऐक्य' असे लिहिले होते. एक पाळक सारखे 'ऐक्यता' म्हणत होते आणि समारोपाला 'एकजुटीने उभे राहा' अशी हाक दिली गेली. हे सगळे एकच का? बरोबर काय?"

सोपे ते आधी उरकतो. 'ऐक्यता' नको. शूर–शौर्य, धीर–धैर्य, सुंदर–सौंदर्य, तसे एक–ऐक्य. शब्दाच्या पोटातच भाववाचकपण आले आहे, त्यावर आणखी 'ता' कशाला? 'एकता' म्हणा किंवा 'ऐक्य' म्हणा. 'सौंदर्यता' ऐकून कान टवकारणारी माणसे 'ऐक्यता' मात्र निमूट खपवून घेतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

उरलेले शब्द मात्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'एकजूट' म्हटली की समोर कोणीतरी असतो. कामगारांची एकजूट मालकासमोर, भाडेकरूंची घरमालकासमोर. म्हणून समारोपाची ती हाक ऐकली असती तर मी मनात विचारले असते, "कोणाविरुद्ध?" 'एकी' होते आणि मोडते, ती माणसांच्या हातातली. 'एकोपा' हा माझा लाडका शब्द. त्यात रोजचे वागणे आहे, उसनवारी आहे, भांडून पुन्हा बोलणे आहे. बायबलमधल्या १३३व्या स्तोत्रात भावंडांनी एकत्र राहण्याचे जे कौतुक आहे, ते मला तरी एकोप्याचे वाटते.

'ऐक्य' या सगळ्यांहून वेगळे. वेदान्तात जीव-ब्रह्माचे ऐक्य कोणी घडवत नाही, ते असतेच, ओळखायचे तेवढे असते. ख्रिस्ती विचार वेदान्ताचा नव्हे, पण शब्दाची ही सवय इथे उपयोगी पडते. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौलाने ऐक्यासाठी 'हेनोतेस' हा ग्रीक शब्द वापरला आहे. सबंध नव्या करारात, म्हणजे बायबलच्या उत्तरार्धात, तो दोनदाच येतो आणि दोन्ही वेळा याच अध्यायात. तिसऱ्या वचनात त्याच्यासोबतचे क्रियापद पाहा : आत्म्याचे ऐक्य 'राखायला' झटा. करायला नव्हे, घडवायला नव्हे. जे आधीच दिलेले आहे ते सांभाळा. इथे 'एकी' घातली तर वाक्य उभे राहील, पण काम देवाकडून निघून समितीकडे जाईल.

आता फलक. खरी गंमत तिथल्या एका अनुस्वारात आहे.

रोजच्या मराठीत 'मंडळी' म्हणजे जमलेली माणसे : घरची मंडळी, पाहुणेमंडळी. त्यांचे सामान्यरूप अनुस्वाराचे, 'मंडळींनी जेवून घ्यावे'. ख्रिस्ती मराठीत मात्र, विशेषतः प्रोटेस्टंटांच्या, हाच शब्द ग्रीक 'एक्लेसिया'साठी, म्हणजे चर्चसाठी, बसला. एक्लेसिया म्हणजे मुळात बोलावून जमवलेली सभा, त्यामुळे निवड झकासच आहे. दगडविटांची इमारत त्यात येतच नाही. कॅथलिकांत 'ख्रिस्तसभा' रुळला, त्यातही सभाच. पण या अर्थाने 'मंडळी' चक्क स्त्रीलिंगी एकवचनी होते : मंडळी वाढली, मंडळीने ठरवले. आणि तिचे अनेकवचन 'मंडळ्या', नाटक मंडळ्यांसारखे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशिया नावाच्या रोमी प्रांतातल्या सात मंडळ्यांना पत्रे आहेत.

म्हणजे 'मंडळींचे ऐक्य' लिहिले की अर्थ होतो जमलेल्या लोकांचे ऐक्य. कीर्तनाला बसलेल्या मंडळींचेही असू शकेल. 'मंडळ्यांचे ऐक्य' म्हणजे निरनिराळ्या चर्चेसचे, त्यांच्या घटना, मालमत्ता आणि बिशपांसकट. 'मंडळीचे ऐक्य' म्हणजे ख्रिस्ताची मंडळी मुळात एकच आहे, तिचे. तिन्ही व्याकरणशुद्ध, पण विधाने तीन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा सहा मंडळ्यांची एक मंडळी झाली. ते दुसऱ्या अर्थाचे ऐक्य, आणि त्यामागे चार दशकांच्या वाटाघाटी होत्या. पहिल्या अर्थाचे ऐक्य चहाच्या सुट्टीतही होते.

तुमच्या मेळाव्यातली भाषणे कोणत्या अर्थाची होती ते तुम्हीच ठरवा. इफिसकरांस पत्राचा आधार घेतला असेल, तर फलकावरचा तो ठिपका जास्तीचा होता.

जाता जाता, 'सेवकांचा मेळावा' हे तुम्ही छान लिहिलेत. हल्ली अशा ठिकाणी 'नेते' फार झाले आहेत. लॅटिन 'मिनिस्टर' म्हणजे सेवकच. तो 'मायनस'च्या, कमीपणाच्या कुळातला. धन्याचा, गुरूचा 'मॅजिस्टर' त्याच्या उलट, 'मॅगिस'च्या, अधिकपणाच्या कुळातला.

अशाच एका मेळाव्याच्या स्मरणिकेची मुद्रिते मी तपासली होती, म्हणून मलाही बोलावणे आले. शेवटी सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला उभे राहिले. पहिल्याच ओळीत कोणी 'पित्या' म्हणाले, कोणी 'बापा'. पुढे सूर जुळला. "आम्हाला वाइटापासून सोडव" झाल्यावर कॅथलिक मंडळी 'आमेन' म्हणून थांबली, कारण त्यांच्या म्हणण्यात प्रार्थना तिथेच संपते. बाकीचे राज्य, पराक्रम आणि गौरवाच्या ओळीत शिरले होते. माझ्या शेजारचे वयस्कर फादर क्षणभर गप्प राहिले, मग हलकेच पुटपुटत त्या ओळीत सामील झाले आणि दुसऱ्यांदा 'आमेन' म्हणाले. त्याला कोणता शब्द लावायचा, यावर मी अजून अडलो आहे. 'एकोपा'कडे कल आहे.