मुख्याध्यापकांची सेवासमाप्ती : अपिलाची मुदत, चौकशी समिती आणि हिशेबातील तफावत

प्रश्न : वाळवा तालुक्यातील पूर्ण अनुदानित माध्यमिक शाळेत मी 2001 पासून नोकरीस असून गेली काही वर्षे मुख्याध्यापक आहे. सहल व परीक्षा शुल्कापोटी रोखीने जमा झालेले 1,40,000 रुपये बँकेत न भरता अपहार केल्याचा ठपका ठेवून संस्थेने मला सेवेतून काढले. त्यातील 92,000 रुपये सचिवांच्या तोंडी सांगण्यावरून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीवर खर्च झाले. चौकशी एकट्या सचिवांनी केली. आदेश मिळून तीन आठवडे झाले. मागच्या तारखेचा राजीनामा दिल्यास पोलिसांत तक्रार करणार नाही, असा निरोप आला आहे. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम मुदतीकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 च्या कलम 9 नुसार सेवासमाप्तीचा आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते, आणि सांगली जिल्ह्यातील शाळांची अपिले कोल्हापूरच्या न्यायाधिकरणात चालतात. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. मात्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता व त्यांच्या उत्तराची वाट पाहत होतो, हे कारण दर वेळी ग्राह्य धरले जाईलच असे नाही. सेवासमाप्तीचा आदेश रद्द करणे शिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती नाही, त्यामुळे तेथे हेलपाटे घालण्यात उरलेले दिवस घालवू नयेत.

चौकशीच्या मुद्द्यावर आपली बाजू भक्कम दिसते. याच अधिनियमाखालील 1981 च्या नियमावलीतील नियम 36 प्रमाणे मुख्याध्यापकांविरुद्धची चौकशी तीन सदस्यांच्या समितीनेच करावयाची असते : संस्थेचे अध्यक्ष, आपण सुचविलेला कोणत्याही खाजगी शाळेतील एक कर्मचारी, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांच्या सूचीतून अध्यक्षांनी निवडलेला एक सदस्य. सचिवांनी कार्यालयात बसून आपला जबाब घेतला व कार्यकारिणीने त्यावर ठराव केला, याला नियमानुसार झालेली चौकशी म्हणता येणार नाही. त्यातही ज्यांच्या तोंडी आदेशावरून खर्च झाला असे आपले म्हणणे आहे, तेच चौकशीला बसले, हा आक्षेप अपिलात स्वतंत्रपणे घ्यावा. मात्र एक गोष्ट मला प्रामाणिकपणे कळवावी. आपला प्रतिनिधी सुचविण्याबाबतचे रजिस्टर पत्र आले आणि आपण ते घेण्यास नकार दिला, असे तर घडलेले नाही ना? पंधरा दिवसांत प्रतिनिधीचे नाव न कळविल्यास उरलेल्या दोघांची समिती काम चालवू शकते, आणि पोस्टमनचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा न्यायाधिकरणापुढे आपल्याविरुद्ध जाईल.

केवळ या त्रुटीवर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकशी सदोष ठरली तरी संस्थेला नव्याने चौकशी करण्याची किंवा आरोप सिद्ध करण्याची संधी मिळू शकते, आणि मग हिशेबाचा प्रश्न पुन्हा समोर येतोच. शाळेची रक्कम बँकेत न भरता परस्पर दुसऱ्या कामावर खर्च करणे ही अनियमितता आहे, आणि ती झाल्याचे आपण स्वतःच लिहिता. तिचा अपहार होतो का, हे पैसा कोठे गेला यावर ठरेल. स्वच्छतागृहाचे काम केलेल्या गवंड्याच्या साध्या कागदावरील पावत्या, पत्र्यांची व सिमेंटची बिले, त्या काळात सचिवांशी झालेले मोबाईलवरील संदेश आणि काम पाहिलेल्या शिक्षकांची प्रतिज्ञापत्रे आताच गोळा करावीत. किर्दीच्या (रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या) ज्या छायाप्रती आपण पाठविल्या आहेत, त्यांत लेखनिकाने सहलीच्या रकमा पेन्सिलीने लिहून पुढे शाईने गिरविलेल्या दिसतात. मूळ किर्द व पावतीपुस्तके हजर करण्याचा आदेश मागावा, कारण छायाप्रतीवरून आधी काय लिहिले होते ते कळणार नाही.

खरी अडचण उरलेल्या 48,000 रुपयांची आहे. ही रक्कम ‘कपाटात होती’ व नोटीस मिळाल्यावर भरली, एवढेच आपण लिहिता. नंतर पैसे भरल्याने गैरवर्तन पुसले जात नाही, आणि भरणा करताना दिलेल्या पत्रात ‘माझ्याकडून चूक झाली’ असे वाक्य असल्याने संस्था त्यावरच भर देईल. खात्यांतर्गत चौकशीत फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतांचा तोल, म्हणजे आरोप खरा असण्याची शक्यता अधिक दिसणे, पुरतो. म्हणून रक्कम कोणत्या तारखांना जमा झाली, कपाटाची किल्ली कोणाकडे असे आणि भरण्यास विलंब का झाला, याचा खुलासा अपिलातच करावा. उलटतपासणीत प्रथमच सांगितलेल्या गोष्टीला फारसे वजन राहत नाही. लेखापरीक्षकांनी आधीच्या वर्षी अशाच रोख शिल्लकेवर आक्षेप घेतला नसेल तर तो अहवाल उपयोगी पडेल. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात संस्थेने दाखल केलेल्या हिशेबपत्रकांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करावा, पण त्या मिळेपर्यंत अपील थांबवू नये.

अपिलात पुनर्नियुक्ती व मागील वेतनाबरोबरच, पर्यायाने सौम्य शिक्षेचीही मागणी करावी. कलम 11 खाली न्यायाधिकरणाला तो अधिकार आहे. दीपाली सुरवसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये याच अधिनियमाखाली मागील वेतनाचा प्रश्न तपासला असून, या काळात अन्यत्र नोकरी नसल्याचे आपण शपथेवर सांगणे त्यानुसार आवश्यक आहे. मुख्याध्यापकपदावर होणारी नेमणूक अपिलाच्या निकालास अधीन राहावी, असा अंतरिम अर्जही सोबत द्यावा. न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेल्यास मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि ऑगस्ट 2025 पासून सांगलीकरांसाठी त्याचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच आहे.

मागच्या तारखेचा राजीनामा कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. तसा कागद मुळात खोटा ठरेल, आणि राजीनाम्यानेही मागील सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होत असल्याने 2001 पासूनच्या सेवेचा लाभ आपण स्वतःच्या सहीने गमवाल. शिवाय पोलिसांत न जाण्याचे तोंडी आश्वासन संस्थेला बांधून ठेवत नाही. तक्रारीची खरोखर भीती असेल तर फौजदारी वकिलामार्फत सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाची तयारी ठेवावी, निरोप आणणाऱ्या व्यक्तीशी फोनवर व्यवहाराची चर्चा करू नये आणि आलेले संदेश जपून ठेवावेत.