जिगने सॅमन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: मुलगा कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकला असतो. ऑक्टोबरपासून दोन महिने त्याच्याकडे जातोय. तो व्हेडर नदीच्या काठावरून चमच्याने (धातूच्या चकाकत्या आमिषाने) कोहो सॅमन धरतो, पण शेजारी जिग लावणारे जास्त मासे काढतात म्हणतो. जिगचं तंत्र सांगाल का? मी महीकाठी हातदोरीने गळ टाकत आलोय, रीळ कधी वापरलेलं नाही. (एक वाचक, मांजलपूर, बडोदे)

उत्तर: जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेला शिशाचा गोळा आणि मागे पिसं किंवा सशाच्या कातडीची केसाळ पट्टी. नदीत चढलेला सॅमन खाणं जवळजवळ सोडतो. तो जिगवर येतो ते चिडून, किंवा डोळ्यांसमोर काही फडफडत खाली गेलं म्हणून. त्यामुळे बहुतेक मासे जिग बुडत असतानाच तोंड घालतात. तो कसा बुडतोय, याकडेच सगळं लक्ष हवं.

रॉड साडेसात ते साडेआठ फुटी, मध्यम ताकदीचा, पण शेंडा चपळ. ३००० मापाचं स्पिनिंग रीळ, २० ते ३० पौंडी विणलेली दोरी आणि पुढे ३ फूट १२ ते १५ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे जिगकडचा दोरीचा तुकडा. दोन्हींचा जोड डबल युनी गाठीनं करा. जिग थेट लीडरला बांधा, मधे क्लिप नको.

वजन पाण्याच्या खोलीवर ठरतं. चार-सहा फूट संथ पाण्यात पाव औंस, म्हणजे ७ ग्रॅम. पाणी आठ-दहा फूट असेल किंवा ओढ थोडी जास्त असेल तर सरळ दीडपट, म्हणजे १०.५ ग्रॅम. काठावरचे नवखे हटकून जड जिग लावतात, कारण तो लांब जातो. पण जड जिग दगडासारखा तळाला बसतो, माशाला तो दिसेपर्यंत बुडून झालेला असतो. कोहो तसाही मुख्य धारेत थांबत नाही. पडलेली झाडं, धारेच्या कडेचं थांबलेलं पाणी, डोहाची शेपटी, अशा जागा त्याच्या. उजाडतानाची वेळ सर्वांत चांगली.

टाकल्यावर जिग बुडू द्या आणि मनात आकडे मोजा. तळाला टेकला की दोरी ढिली पडते. सातला टेकला, तर पुढच्या वेळी सहाला उचला. शेंडा दीडेक फूट झटक्यानं वर, लगेच खाली, आणि खाली येताना हँडलचा अर्धा फेरा. खरी मेख या खाली येण्यात आहे. दोरी ताणून धरलीत तर जिग बुडत नाही, झोका घेत तुमच्याकडे येतो. पार सोडून दिलीत तर तो छान बुडतो, पण माशानं तोंड घातलेलं तुम्हाला कळत नाही. दोरीला किंचित पोट राहील इतकीच सैल ठेवा आणि ती पाण्यात शिरते त्या जागेवरची नजर हलवू नका. दोरी टचकन हलली, बाजूला सरकली किंवा आकडा पुरा व्हायच्या आधीच थांबली, की झटका द्या. हातदोरीवर तुम्ही हिसक्याची वाट बघता, इथे बघायची नाही.

मासे नुसतं टोचून जात असतील तर शेपटी लांब झाली समजा. गळाच्या वाकणापलीकडे पट्टी दोन बोटांहून जास्त नको. लांब पट्टी गळाला गुंडाळलीही जाते. गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर बोथट झालंय, घासा. जिग ओंडक्यात अडकला तर विणलेली दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. काठीला गुंडाळा आणि सरळ मागे सरका. गढूळ पाण्यात गुलाबी किंवा पोपटी, नितळ पाण्यात काळा किंवा जांभळा रंग, ही सुरुवात.

निघण्यापूर्वी एक जिग भरल्या बादलीत सोडून बघा. वर उचलताना पिसं गळाला चिकटतात आणि बुडताना हळूच फुलतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की झटका किती द्यायचा हे आपोआप हाताला कळतं. रीळ फेकायचा सराव गळ छाटलेल्या जिगनं मोकळ्या मैदानावर करा. विश्वामित्रीचा काठ त्यासाठी नको, तिथे मगरी आहेत.

परवाना गोड्या पाण्याचा आणि सॅमनसाठीची वेगळी नोंद त्यावर हवी. गळ एकच आणि उलटा काटा नसलेला. काटा असेल तर पकडीनं पूर्ण दाबून सपाट करा. मासा अंगाला किंवा शेपटीला अडकला तर सोडायलाच हवा. कोणता मासा ठेवता येतो हे हंगामात बदलतं, म्हणून निघायच्या दिवशी तिथल्या मत्स्य खात्याची सूचना वाचा.

प्रश्न: जिग फ्लोटखालीही (पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखालीही) लावतात ना? मग झटके कुणी द्यायचे? (एक वाचक, अलकापुरी, बडोदे)

उत्तर: कुणीच नाही, तिथे नदी काम करते. चम या सॅमनच्या दुसऱ्या जातीला ही पद्धत फार मानवते. साडेतीन ते सात ग्रॅमचा गुलाबी किंवा जांभळा जिग, गळाला कोळंबीचा छोटा तुकडा, वर दीड-दोन फूट लीडर, मग वजन आणि सरकता फ्लोट. जिग तळापासून फूट-दीड फूट वर राहील अशी फ्लोटला अडवणारी दोरीवरची गाठ सरकवा. फ्लोटचा माथा प्रवाहाच्या दिशेला कलला, तर खाली काहीतरी तळाला घासतंय. खोली कमी करा. जिग पाण्यात आडवा लटकला पाहिजे. नाक वर किंवा खाली झालं तर जिगच्या डोळ्यातली (दोरी बांधायच्या कडीतली) गाठ बोटानं सरकवून नीट करा, दर माशानंतर ती हलते. चम माशाचे दात लीडर खरवडतात, म्हणून शेवटचा वीतभर भाग चिमटीतून ओढून बघा. खरखरीत लागला की छाटा.

प्रश्न: बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. तो त्याच कुळातला का? (एक वाचक, रावपुरा, बडोदे)

उत्तर: नाही, कूळ वेगळं. रावसाच्या छातीच्या पराखाली चार सुटे धागे असतात. सॅमनला ते नसतात. त्याऐवजी पाठीचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक छोटा, मऊ, चरबीचा पर असतो. हॅचरीत, म्हणजे मासे वाढवण्याच्या केंद्रात, नदीत सोडण्यापूर्वी पिल्लांचा हाच पर छाटतात. वर मांजलपूरच्या वाचकांना मासा हातात आल्यावर पहिली नजर तिथेच टाकावी लागेल: पर शाबूत असलेला कोहो जंगली, तो व्हेडरमध्ये परत सोडायचा, पराच्या जागी भरलेली खूण असली तर हॅचरीचा.