अर्जातला 'पॅरिश'चा रकाना

प्रश्न : मी एम.ए. (मराठी), बी.एड. आहे. चार वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवते आहे. पुण्याच्या कॅम्पातल्या एका कॅथलिक शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा निघाली आहे. अर्जात धर्म, पॅरिश, पॅरिश प्रीस्टचं पत्र असे रकाने आहेत आणि शेवटी 'शाळेच्या ख्रिस्ती मूल्यांना तुम्ही कसा हातभार लावाल?' असा प्रश्न आहे. मी हिंदू. अर्ज करावा का? केला तर काय लिहू? सासूबाई विचारतात, कुंकू लावू देतील ना?
(एक शिक्षिका, सहकारनगर)

उत्तर : अर्ज जरूर करा. कुंकवाचं आधी सांगते, म्हणजे सासूबाईंचा जीव भांड्यात पडेल. मी कॅम्पातल्याच एका कॉन्व्हेंटमध्ये 29 वर्षं मराठी शिकवलं, ते रोज कुंकू लावून आणि मंगळसूत्र घालून. सकाळच्या प्रार्थनेला मुलींबरोबर हात जोडून उभी राहायचे. धर्म बदलायची गोष्ट कुणी कधी काढली नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरायची सवय असलेल्या माझ्या पाचवीतल्या मुली नाताळच्या गोठ्यावरही अळीव पेरायच्या. बाळ येशूच्या भोवती ते हिरवं कोवळं रान उगवलं की सिस्टर रोज त्यावर हातानं पाणी शिंपडायच्या.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती आणि पॅरिश प्रीस्ट म्हणजे तिथले फादर. तो रकाना कॅथलिक उमेदवारांसाठी असतो. तुम्ही तिथे 'लागू नाही' एवढंच लिहा. ओळखीपाळखीतून एखाद्या फादरचं पत्र मिळवायच्या मागे लागू नका. त्यापेक्षा तुमचा तास पाहिलेल्या मुख्याध्यापिकेचं पत्र जोडा.

संविधानाच्या कलम 30 मुळे अल्पसंख्याक संस्थांना आपल्या शाळा स्वतः चालवायचा हक्क आहे, शिक्षकही त्या स्वतः निवडतात. तुमच्याच तोडीची कॅथलिक उमेदवार असेल तर तिला झुकतं माप मिळू शकतं, हे मनाशी धरूनच जा. पण 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मराठी जीव लावून शिकवणारं माणूस या शाळांना हवंच आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या जेझुइटानं (जेझुइट म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातले फादर) 1616 साली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली. मराठीच्या शिक्षिकेनं त्या दारात परक्यासारखं उभं राहायचं कारण नाही.

आता तो मूल्यांचा प्रश्न. तिथे बायबलातली वचनं पाठ करून लिहू नका. माझ्या मुलाखतीत डेमो लेसन झाल्यावर मागच्या बाकावर बसलेल्या सिस्टरनी एकच विचारलं होतं : "घंटा झाली आहे, तुमचा पुढचा तास आहे आणि जिन्यात एक मुलगी रडत बसली आहे. काय कराल?" मी म्हटलं, "तिच्याजवळ बसेन आणि माझ्या वर्गावर कुणाला तरी पाठवा असा निरोप धाडीन." सिस्टरनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे वर्षभरात मी तसं तीनदा केलं आणि तीनही वेळा माझ्या वर्गावर त्या स्वतः येऊन बसल्या. तुमच्या चार वर्षांत असं एखादं मूल नक्की आलं असेल. त्याच्याबद्दल आठ-दहा ओळी लिहा : काय झालं होतं, तुम्ही काय केलंत. नाव तेवढं लिहू नका.

शाळा कुणाची आहे तेही नीट पाहून ठेवा. पुण्यात चर्चची प्रत्येक शाळा कॅथलिक नाही. बिशप्स आणि सेंट मेरीज अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या. 1867 ची सेंट व्हिन्सेंट्स आणि पाषाणची 1961 ची लोयोला जेझुइट फादरांच्या, तर लुल्लानगरचं माउंट कार्मेल अपोस्टोलिक कार्मेल सिस्टर्सचं. जेझुइटांच्या शाळेत जाऊन 'तुमच्या सिस्टर्सचं काम मला आवडतं' म्हटलंत, तर तुम्ही काहीच न वाचता आलात हे लगेच कळतं.

आणि ही गोष्ट मात्र संकोच न करता विचारा : जागा अनुदानित की विनाअनुदानित? अनुदानित असेल तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला 2023 पासून महिना 18,000 रुपये मानधन. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक) आल्याशिवाय ते सरकारकडून सुरू होत नाही, म्हणून प्रस्ताव कधी पाठवणार तेही विचारा. विनाअनुदानित असेल तर पगार, पीएफ, सुट्टीतला पगार सगळं नेमणूकपत्रात लिहून घ्या. कॉन्व्हेंटच्या आधी एका शाळेत मी दोन वर्षं तोंडी बोलीवर काढली. पत्र 'देऊ, देऊ' म्हणत राहिले आणि ती दोन वर्षं माझ्या सेवेत कुठेच धरली गेली नाहीत. पेन्शनचे कागद करताना टेबलापलीकडच्या क्लार्कनं विचारलं, "मग या दोन वर्षांत काय करत होता?" अजून सलतं ते.

मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेनं येईलच असं अल्पसंख्याक शाळेत धरून चालू नका, खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यातच त्यांना तशी मोकळीक आहे.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली नसेल तर देऊन टाका. ती शिक्षण हक्क कायद्यामुळे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या. पण 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानंच त्या निकालाबद्दल शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं आहे. हातात प्रमाणपत्र असलेलं बरं.

अर्ज स्वतः नेऊन द्या. सकाळी शाळा भरल्यावर तासाभरानं जा, तोवर ऑफिसातली फीची गर्दी ओसरलेली असते. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या.