भाड्याचे कंटेनर सांभाळताना
आपण मालवाहू कंटेनर, म्हणजे डबे, भाड्याने घेतो. या कामात नवीन आहेस, म्हणजे आधी भाड्याच्या दराकडे बघशील. सगळेच बघतात. पण खरा पैसा जातो तो डबा परत करताना. म्हणून करारातली परतीच्या ठिकाणांची यादी सगळ्यात आधी वाच: कोणत्या बंदरात डबे परत घेतात, महिन्याला किती घेतात, तिथे डबा सोडण्याचा ड्रॉप-ऑफ चार्ज किती. जिथे रिकामे डबे आधीच साचलेत तिथे कोटा तुटपुंजा आणि चार्ज जबर. कोटा संपला की डबा नुसता पडून, भाड्याचं मीटर मात्र चालूच.

ऑन-हायरच्या, म्हणजे डबा ताब्यात घेण्याच्या, वेळचे कागद आणि फोटो जपून ठेव. ऑफ-हायरला, म्हणजे डबा परत करताना, डेपोकडून दुरुस्तीचं एस्टिमेट येतं, त्यात झीज आणि नुकसान यांची सरमिसळ होते. नेहमीची झीज मालकाच्या खात्यात, नुकसान आपल्या. वरवरचा गंज ही झीज. फोर्कलिफ्टने पाडलेलं भोक नव्हे. तपासणीचा निकष कोणता, आयआयसीएल (कंटेनर भाड्याने देणाऱ्यांची संघटना) हिचा की दुसरा, हे माहीत नसेल तर वादात पडूच नकोस.

डब्याचा नंबर टाइप करताना जप. ४ अक्षरं, ६ आकडे आणि शेवटचा चेक डिजिट, म्हणजे आधीच्या अक्षरं-आकड्यांवरून निघणारा पडताळणीचा आकडा. तो सिस्टीमने पडताळलाच पाहिजे. मी एकदा एक आकडा चुकवला आणि परत केलेल्या डब्याचं भाडं ३ महिने भरत बसलो. बिल आपल्याकडच्या डब्यांच्या यादीशी ताळून बघितलं असतं तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं!

डब्यावरची सीएससी (कंटेनर सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार) प्लेटही बघत जा. पहिली तपासणी डबा बनवल्यापासून ५ वर्षांच्या आत, पुढे दर ३० महिन्यांच्या आत. प्लेटवर एसीईपी (सतत तपासणीचा मंजूर कार्यक्रम) असेल तर हिशेब वेगळा.